नावं कापलेली गाणी

…न्हाई, न्हाई, तो पेन ड्राईव्ह आधी खिशात घाला, गुरुजी. आहेराचं पाकीट धरल्यावानी हातात धरून बसलात मघापासून — मला बघवंना. बसा. खुर्ची हलते थोडी, पण पडत न्हाई. सिद्धेश्वरहून आलात म्हणता — हिंगोलीला एसटी बदलून? — अन् सेनगावात उतरल्यावर काय विचारलंत? टेपवाल्याचं घर? व्हय, तसंच विचारावं लागतं. लिंबाजी खिल्लारे कुठं राहतेत म्हणून विचारलं असतं तर अख्ख्या स्टँडानं माना हलवल्या असत्या. तीस वर्षं स्टँडासमोर कॅसेटी भरून द्यायचं दुकान चालवलं, पाटीवर बी ‘टेपवाला’ अन् रेशनच्या रांगेत बी ‘टेपवाला’. असो. तर तुमाला मालनबाईचा शिरड शहापूरचा कार्यक्रम पायजे. पेन ड्राईव्हमंदी. आसं! म्हणजे मालनबाईनं नरडं फोडून गायलेलं, मी धुळीत बसून भरलेलं, ते तुमी ह्या बोटभर डबीत घालणार अन् मोटारसायकलवर कानात बोळे कोंबून — न्हाई? तसं न्हाई? मग कसं? मोबाईलवर. त्याहून वंगाळ.

राग मानू नका, पण आजकाल गाणं कोणाजवळ न्हाईच. विचारा कोणालाबी — गाणी हायेत का? — ‘हायेत की, मोबाईलमंदी.’ मोबाईलमंदी कुठं हायेत? ती त्या कंपनीच्या घरात हायेत, तुमी नुसते खिडकीत उभे राहून ऐकून राहिलात. रिचार्ज संपला, गाणं संपलं. टावर गेला, गाणं गेलं. कंपनीच्या मनात आलं की हे आता ठेवायचं न्हाई — संपलं, सकाळी उठून बघावं तर जागा रिकामी, अन् विचारायचं कोणाला? लोक मला शिकवतेत, टेपवाले, एक बोट फिरवलं की करोड गाणी येतेत. येतेत ना, येऊ द्या. त्या करोडात मालनबाई हाय का? बघितलंत ना शोधून? — बघितलं असंल, म्हणूनच तर दोन एसट्या बदलल्या. न्हाई सापडायची. तिला कोण्या कंपनीनं भरलंच न्हाई, तिला भरलं मी. तवा हिंगोली जिल्हा बी न्हवता, परभणीत होतो आपण, तवापासून — बावीस वर्षं. जयंतीचा महिना आला की मालनबाईची गायन पार्टी जिथं जाईल तिथं माझा टेप. औंढा, वसमत, कळमनुरी, कुठं न्हाई ते विचारा. बाई स्टेजवर, पेटीवाला स्टेजवर, ढोलकीवाला स्टेजवर, कोरसच्या दोघी बाया स्टेजवर — अन् मी स्टेजखाली, जनरेटरच्या धुरात, कानाला हेडफोन लावून. कोणी सांगितलं होतं? कोणी न्हाई. चहा तरी विचारला कोणी? छ्या.

उठा, दाखवतो. या इकडं. — चपला राहू द्या हो, तेवढी फरशी काही चकचकीत न्हाई. हे कपाट बघा. केशरबाईच्या लोणच्याच्या बरण्या होत्या ह्याच्यात — केशरबाई म्हणजे आमची मंडळी, ती काय आत भांडी आपटून राहिली, तिचा राग अजून गेला न्हाई — बरण्या काढल्या अन् हा काळा डबा ठेवला. हिरवा दिवा लुकलुकतो बघा, म्हणजे जिता हाय. पोरगी माझी, शीतल, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय, तिनं आणून दिला. आत दोन डिस्का हायेत, जुळ्या. एकीत घातलं ते दुसरीत आपोआप जातं, एक मेली तर दुसरी हायच. बाराशे कॅसेटी ह्या डब्यात हायेत, गुरुजी. चार वर्षं लागली भरायला. काहून म्हणजे? नव्वद मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरात घ्यायला नव्वद मिनिटंच लागतेत, तिला घाई चालत न्हाई — तुमच्या शाळेवानी पहिलीतून उचलून चौथीत ढकलता येत न्हाई तिला. अन् एमपीथ्री न्हाई बरं का. एमपीथ्री म्हणजे रस पिऊन उरलेलं चिपाड. मी फ्लॅक केलं — अख्खा ऊस, एक पेर बी कमी न्हाई. जागा लई खातं, खाऊ द्या. हा इन्व्हर्टर हाय ना, हा फक्त ह्या डब्यासाठी. लाईट गेली तर फ्रीजमंदलं दूध नासलं तरी चालंल, डबा बंद पडायचा न्हाई, हे घरात ठरलेलं हाय. म्हणजे मी ठरवलेलं हाय.

आता ही निळी वायर बघा. डब्यातून निघाली, भिंतीतून गेली, ओसरीवर एक स्पीकर, स्वयंपाकघरात एक, मागच्या पत्र्याच्या खोलीत एक. वायफायवर माझा इश्वास न्हाई, पत्र्याच्या खोलीत शिरतानाच त्याचा दम उखडतो — वायर ती वायर. प्रत्येक स्पीकरच्या पाठीमागं पत्त्याच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर चिकटवला हाय. मी ओसरीत बसून मोबाईलवरून सांगायचं, अमकं साल, अमकं गाव, अमकं गाणं — की तिन्ही ठिकाणी एकाच ठोक्याला सुरू. ह्या खोलीतून त्या खोलीत गेलं तरी बाईचा सूर तुटत न्हाई. अन् घरातच बरं! उंबऱ्याच्या बाहेर एक सूर जात न्हाई. शीतल म्हणली, बाबा, दोन मिनिटांचं काम हाय, तिकडं पुण्यात बी ऐकू येईल असं करून देते, मला संध्याकाळी ऐकत बसता येईल. म्हणलं, काही गरज न्हाई. ऐकायचं असंल तर घरी यायचं. — येते की. दिवाळीला येते. मागच्या दिवाळीला सुट्टी न्हवती तिला. — तुमी बसा, तुमी कशाला ते विचारून राहिलात.

हं, ऐका आता. शिरड शहापूरचंच लावतो. …बघा. …बघा कशी चढली! अजून चढंल — हां. ऐकलंत? आता मला सांगा, मधी काही खडखड ऐकू आली? कोणी बोललं, ओरडलं? न्हाईच ऐकू येणार. तीच तर माझी कारागिरी. मूळ कॅसेट ऐकली असती तर डोकं धरलं असतं तुमी. कार्यक्रम कसा असायचा ठाऊक हाय न्हवं? बाई कडव्याच्या मधोमध, सूर असा चढलेला, अन् तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी उठणार, धोतर सावरत स्टेजपाशी येणार, पेटीवर नोट ठेवणार — की बाईनं गाणं तिथंच थांबवायचं अन् पुकारायचं, ‘अमक्या गावचे अमके अमके यांच्याकडून बक्षीस मिळालं, पार्टी त्यांची आभारी आहे’ — ढोलकीची थाप — अन् मग कडवं पुन्हा पहिल्यापासून. दोन ओळी झाल्या की पुन्हा नोट. पुन्हा नाव. बापाचं नाव, गावाचं नाव, एकानं तर बैलाचं नाव सांगितलं होतं. ज्याला जन्मात कोणी ‘अहो’ म्हणलं न्हाई तो भोंग्यावर आपलं नाव ऐकायला यायचा. गाणं कोणाला पायजे होतं? नाव पायजे होतं सगळ्यांना! मी ती सगळी नावं कापली. एक-एक. कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेघोट्या दिसतेत, इथून इथपर्यंत धरायचं, कापायचं, दोन टोकं जोडायची. दीड वर्ष तेच करून राहिलो होतो, चष्म्याचा नंबर वाढला. अन् नुसती नावंच न्हाई — लेकराचं रडणं, शिट्ट्या, खोकले. खोकल्यावरून सांगतो, एक गडी दर वर्साला माझ्याजवळ येऊन बसायचा, स्टेजखाली. अंगाला मासळीचा वास. बाईनं वरचा सूर लावला की ह्याला खोकला आलाच — दोन ठसके, अन् शेवटी नाकातून ‘हुं’. ठरलेलं! त्याचे बी सगळे काढले. एक तेवढा राहिला, सुराच्या आतच अडकून बसला, काढला असता तर बाईचा सूर तुटला असता. — काय झालं? केशर, तांब्या आण गं पाण्याचा. गुरुजी, तोंड काहून उतरलं तुमचं?

मग हे आधी न्हाई का सांगायचं? मी समजलो गाणी पायजेत. तुमाला गाणं नकोच, नाव पायजे. बापाचं. …कोंडीबा मसाजी इंगोले. …न्हाई. न्हाई आठवत. असंल कोणी. सतरा कोंडीबा यायचे अन् सतरा जायचे, मी काय हजेरी घेऊन राहिलो होतो का? धरणावर जाळं टाकायचे — बरं. मागच्या महिन्यात गेले — वाईट झालं. परवा पुण्यानुमोदन हाय — हं. अन् गावात कोणी इश्वास ठेवला न्हाई? हसायचे? काय म्हणायचे, कोंडीबाला भोंग्याचं सपन पडलं? …लोक तसेच असतेत, गुरुजी. धरणातला मासा दाखवल्याबिगर मासा मानत न्हाईत. मरेपर्यंत सांगत होते म्हणता, की शिरड शहापूरला मालनबाईनं माझं नाव पुकारलं होतं, टेपवाल्याला विचारा, त्याच्याकडं भरलेलं हाय. टेपवाल्याला विचारा. मग त्यांनी सवताच येऊन काहून न्हाई विचारलं? इतकी वर्षं? — बरं बरं, पाणी प्या. मी आपलं विचारलं. म्हणजे तुमचा बेत असा की परवा सगळे जमले की वंदनेनंतर हे लावायचं, अन् हसणाऱ्यांना गप करायचं. बेत चांगला हाय. पण मी काय करू? नावंच न्हाईत. नावं कापली.

मूळ कॅसेटी? हेच विचारणार ते ठाऊक होतं मला. न्हाईत. ऐका, हसू नका — तुमी न्हाईच हसणार म्हणा. डब्यात सगळं भरून झालं, तवा बाराशे कॅसेटींची सहा पोती झाली. ठेवायची कुठं? केशरबाई म्हणली, एक तर बरण्या घरात राहतील, न्हाईतर पोती. तिचा भाऊ आला, म्हणला, दाजी, मला द्या, ज्वारी निसवली हाय, पाखरं लई झाली. द्या म्हणलं. मला काय, माझं सगळं डब्यात आलेलं. त्यानं एक-एक कॅसेट फोडली अन् पट्टी वावरात ताणली, ह्या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत. वारा आला की चकाकते अन् घूं-घूं वाजते, पाखरू फिरकत न्हाई. बघितली असंल तुमी बी कुठंतरी. मी एकदा गेलो होतो बघायला. बघायला म्हणजे — ऐकायला. बांधावर बसलो तासभर. घूं-घूं. कुठलं गाव, कुठलं साल, काही पत्ता लागंना. घरी आल्यावर शीतलला फोन केला, म्हणलं, दुसऱ्या डिस्कमंदी तरी मूळचं असंल, न कापलेलं? जुळ्या हायेत ना? ती म्हणली, बाबा, जुळ्या म्हणजे सावली. एकीत कापलं की त्याच टायमाला दुसरीत बी कापलं जातं. मी समजलो होतो, दुसरी डिस्क म्हणजे जपून ठेवणारी. कुठली! ही आपली पहिलीच्या मागं मान हलवत जाणारी. — मी काहून विचारलं होतं फोन करून? उगंच. म्हाताऱ्या माणसाला काही काम असतं का? उगंच विचारलं. तर तेव्हा, गुरुजी, दोन्ही दारं बंद हायेत. तुमी आता उठा, स्टँडावर चहा घ्या, अन् परवा तुमी आपल्या तोंडानं सांगा लोकांना. मास्तराचं ऐकतेत लोक. — न्हाई ऐकत? मग कशाला मास्तर झालात?

किती वाजले? — चार? चार वाजले? केशर! अगं मोबाईल बघ, तिथं चार्जिंगला हाय, बंद कर ते — लाल बटन — अगं लाल — गुरुजी, तुमी निघा बरं, उशीर होतो तुमाला, हिंगोलीची गाडी — चालू झालंच. ह्याला मी टायमिंग लावून ठेवलं हाय, रोज चारला, चहाबराबर, आपोआप. आता संपल्याशिवाय थांबत न्हाई.

…काही न्हाई ते. ‘लिंबाजीभाऊ, पार्टी तुमची आभारी आहे’ — एवढंच तर म्हणली बाई. व्हय, माझंच नाव. म्हणलो ना मघाशी नावं कापली म्हणून — सगळी कापली, हे एक ठेवलं. काहून न ठेवू? बावीस वर्षं, गुरुजी! बावीस वर्षं मी त्या स्टेजखाली बसलो. पावसात टेपावर माझं जाकीट टाकलं अन् मी भिजलो. बैलाचं नाव पुकारलं तिनं, माझं न्हाई. मग एकदा पुकारलं. आपल्या मनानं, कोणी न सांगता, गाणं थांबवून. शिरड शहापूरला. — ऐका ना, गाणं ऐका पुढचं, बोलू नका मधी. …काय झालं? उठलात काहून? — …ऐकू आला तुमाला. तो ठसका. दोन अन् मग नाकातून ‘हुं’. …व्हय. हाच तो राहिलेला.

बसा. बसा, गुरुजी, पाया पडतो, आसं उभं राहून बघू नका माझ्याकडं. तुमचा बाप घरी काय सांगायचा ते मला सांगू नका, मला ठाऊक हाय. त्यांनी आपल्या नावासाठी बक्षीस दिलंच न्हाई. पाच रुपये ठेवले पेटीवर अन् बाईच्या कानाशी लागून म्हणले, माझं नाव राहू द्या, त्या खाली बसलेल्या माणसाचं पुकारा, तो इतकी वर्षं बसतो. अन् बाईनं जसं सांगितलं तसं सगळं पुकारलं, दोन्ही नावं. मी पुढचं ठेवलं अन् मागचं कापलं. दहा-बारा सेकंद होते तुमच्या बापाचे. कापले, टोकं जोडली, जोड ऐकू येत न्हाई. म्हणलं ना कारागिरी. मग रोज चारला ऐकायचो — बाईनं आपल्या मनानं पुकारलं. ऐकून-ऐकून मलाच खरं वाटायला लागलं. तुमी नाव घेतलं मघाशी, कोंडीबा मसाजी, तवाच वळखलं होतं मी. सतरा कोंडीबा न्हवते. एकच होता.

अन् तवा मी काय केलं ते बी सांगतो, आता काय लपवायचं. मला राग आला. आनंद व्हायला पायजे होता, राग आला. म्हणलं, माझं नाव पुकारायला एका जाळंवाल्यानं पाच रुपये घालावे, इतकी का माझी किंमत? पुढच्या वर्साला ते पुन्हा आले, नेहमीवानी दुसऱ्या कॅसेटीचा कागद दातानं फोडून ती हातात तयार ठेवून बसले — कॅसेटीची बाजू बदलायची वेळ आली की बोट वर करायचे, मला कधी घड्याळ बघावं लागलं न्हाई — अन् मी म्हणलो, इथं बसू नको, वास येतो, टेप खराब होतो. चारचौघांत म्हणलो. वासानं टेप खराब होत असतो का, गुरुजी? उठले. कॅसेट तेवढी माझ्या हातात दिली. पुढं येत राहिले, पण लांब, बायांच्या पाठीमागं, तिथून बी मला ठसका ऐकू यायचा हेडफोनमंदी. — काय? काय म्हणलात? घरी काय सांगायचे? …टेपवाला माझा दोस्त हाय म्हणून? …मरेपर्यंत? …केशर, ते पाणी इकडं आण. न्हाई, गुरुजींना न्हाई. मला.

काढा तुमचा मोबाईल. — व्हय, मोबाईलच म्हणलो मी, कानात काही गेलंय का? भरायचं बटन दाबा. इतकं जवळ न्हाई, वीतभर लांब धरा, न्हाईतर नुसता श्वास भरतो. आवाज बाईचा न्हाई, माझा हाय, फाटका हाय, पण शब्द बराबर तेच हायेत, एक बी कापलेला न्हाई. झालं चालू? हात हलवू नका. — मी लिंबाजी धुराजी खिल्लारे, राहणार सेनगाव. शिरड शहापूरच्या कार्यक्रमाला मी स्टेजखाली बसून टेप भरत होतो. मालनबाईनं गाणं थांबवून भोंग्यावर जे पुकारलं ते असं. ‘सिद्धेश्वरचे कोंडीबा मसाजी इंगोले यांच्याकडून बक्षीस मिळालं. ते म्हणतात, हे माझ्या नावानं नको, स्टेजखाली बसून टेप भरणाऱ्या लिंबाजी खिल्लारे यांच्या नावानं पुकारा. लिंबाजीभाऊ, पार्टी तुमची आभारी आहे.’ हे मी माझ्या कानानं ऐकलं. कोंडीबा खोटं बोलला न्हाई. ज्यानं ते नाव कापलं तो मी हाय. कोंडीबा माझा… तो म्हणायचा तो माझा दोस्त होता, तर होता. — बंद करा. बंद करा म्हणलो ना! पुन्हा ऐकवू नका मला ते, तिकडं ऐकवा.

अन् तो पेन ड्राईव्ह द्या इकडं. ठसका असलेलं गाणं घालतो. दोन मिनिटं लागतेत, उभे राहा तिथंच. …घ्या. त्याला ऊन लागू देऊ नका. परवा किती वाजता हाय म्हणलात? अकराला? सिद्धेश्वरात कुठं, धरणाच्या ह्या अंगाला का त्या अंगाला? — न्हाई, न्हाई, मी येतो कुठं म्हणलो? उगंच विचारलं. विचारायला काय लागतं? जा आता तुमी, एसटी सुटंल. केशर, दार लाव गं.